पोटातलं दीड घागर पाणी

मु. शेलूबाजार, ता. मंगरूळ
भाद्रपद, सन १९३८

राजमान्य राजेश्री मेहुणे जगदेवभाऊ, मुक्काम धनज, यांले शालिकरामचा वाकून रामराम. लिहाची रीत म्हणून वाकून लिहिलं नाही, खरंच वाकलो. संक्रांतीपासून जेठापर्यंत मले माह्या पायाची बोटं दिसली नव्हती. आता दाही जागेवर आहेत, सकाळीच मोजून घेतली. तुमच्याकडं समदे खुशाल असतीन, म्हातारीच्या गुडघ्याले उतार असंन, अन् तुमच्या उजव्या अंगठ्याची जखम भरून आली असंन अशी उमेद करतो. (त्या अंगठ्याची हकिकत पुढं येते. तुमाले ठाऊकच आहे, पण माह्या तोंडून कबुली झालेली बरी.) कार्ड सोडून पाकिटात लिहून राह्यलो, कारण तुमचे उपकार कार्डावर मावत नाहीत, अन् कार्ड पोस्टमन वाचते.

मुळापासून सांगतो. कार्तिकात पोट सुटाले लागलं तवा मले वाटलं, चला, अंगाले सुख लागलं. गावालेही तसंच वाटलं. बाजाराच्या दिवशी वांग्याच्या ढिगामांगं मी पोट पुढं करून बसलो की गिऱ्हाईक भाव करत नव्हतं. एवढ्या पोटाचा माणूस चार वांग्यासाठी खोटं कायले बोलीन, असा त्याईचा हिशेब. तुमची बहीण मनकर्णा एकटी म्हणे, हातपायाच्या काड्या होऊन राह्यल्या अन् एकटं पोट कसं वाढते? मी तिले म्हणलं, भोपळ्याच्या वेलाकडं पाह्य. (वेल सुतळीएवढा अन् फळ दोन माणसाईनं उचलाचं. जन्माचा बागायती मी, माह्यासंगं ती वाद काय घालते.) फागुनात डोळे पिवळे झाले, पाय सुजले, अन् बेंबीभोवती निळ्या शिरा उठल्या, चांगल्या करंगळीएवढ्या. तवा माह्या भोपळ्यानं मलेच भेव घातलं.

पण भेव वाटलं म्हणून अक्कल येते थोडीच. वैशाख सरेपर्यंत अंगावर काढलं, मंग मी गेलो आमच्या नानाजीकडं. (हे नानाजी बैलाची खांदेसूज अन् माणसाची पोटदुखी एकाच डब्यातून बरी करतात.) त्याईनं माह्यं पोट उजेडात धरलं, निळ्या शिरा पाह्यल्या, अन् म्हणे या रोगाच्या मुळ्या आहेत, मुळी जाळली का झाड आपोआप वाळते. मुळीची गोष्ट मले पटली. मंग नानाजीनं बिबा तापवला अन् एकेक शीर पाहून तिच्यावर टेकवला. अकरा डाग बसले. चौथ्या दिवशी डाग फुटले, पू झाला, थंडी वाजून ताप भरला, अन् पोटाले नुसतं धोतर लागलं तरी जीव जाये. मनकर्णा सांगते, मी खाटेवर पडल्या पडल्या मेलेल्या बापाले वांगे विकत होतो, अन् तो भाव पाडून मांगते म्हणून त्याच्यावर चिडत होतो.

नेमके त्या दिवशी तुमी आले. मंगरूळले बैल पाहाले चालले होते, वाटेत बहिणीले भेटावं म्हणलं. पाणी प्याले नाही का बसले नाही, माह्या तोंडाकडं पाह्यलं अन् बैलाची बंडी दाराशी उलटी लावली. मी म्हणलं दवाखान्यात गेलेला माणूस चौघाच्या खांद्यावर परत येते. मी तुमच्या खानदानाले काय काय म्हणलं ते मनकर्णा सांगत नाही, अन् ती सांगत नाही म्हणजे बरंच असंन. तुमी मले गोधडीसगट उचललं तवा तुमचा अंगठा माह्या तोंडात आला, अन् मी तो सोडला नाही. त्यावर तुमी एवढंच म्हणाले, "चावाचं तं चावा भाऊजी, पण बंडीत बसून चावा." मंग मोटेच्या नाड्यानं मले बंडीले बांधलं. जगदेवभाऊ, माह्या बापानं मले इतक्या मायेनं कधी बांधलं नव्हतं.

वाशीमपर्यंत मनकर्णानं माह्यं डोकं मांडीवर घेतलं होतं. घडीघडी माह्या नाकाशी हात धरून पाहे. मले शुद्ध आली की मी मुद्दाम जोरानं श्वास सोडे, म्हणजे तिले समजावं. तुमी म्होरं तुमचे म्हातारे बैल हाकत होते, तुमाले हे दिसलं नसंन.

दवाखान्यात डॉक्टरसाहेबानं पह्यलं विचारलं, दारू घेता काय? मी म्हणलं, सणावारी. तुमी मांगून म्हणाले, याच्या घरी दर बाजाराले सण असते. त्या येळेस मले तुमचा दुसरा अंगठाही दिसला होता, पण अंगात ताकद नव्हती. डॉक्टर हसले नाहीत. जखमा धुतल्या, पू काढला, सुया टोचल्या, शिरेतून मिठाचं पाणी चढवलं. (ते माह्यं शेवटचं मीठ, हे तवा कोणाले ठाऊक.) आठ दिवसानं ताप उतरला, मंग पोटाले बारीक नळी लावून पाणी सोडलं. दीड घागर निघालं. मी पडल्या पडल्या पाहत होतो, अन् खरं सांगतो, एवढ्या पाण्यात मिरचीचा वाफा भिजला असता असंच मनात आलं.

डॉक्टर माणूस मोठा पुण्यवान. मी धंदा काय करतो ते विचारून त्यानं मले माह्याच मळ्यात बसवून समजावलं. म्हणे शालिकराम, आतड्यानं अन्नातलं सत्त्व घेतलं की ते रक्त एका मोठ्या पाटानं यकृतात जाते. (यकृत म्हणजे बोकडाची कलेजी खातो ना, तेच आपलं.) तुमचं यकृत मोहाच्या दारूनं अन् जुन्या काविळीनं दगड झालं. दगडाचा वाफा पाणी घेते काय? मंग पाट तुंबला. तुंबलं रक्त आडवाटा धुंडते, त्या वाटा म्हणजे तुमच्या बेंबीच्या निळ्या शिरा. पानथरी, म्हणजे प्लीहा, फुगली, बांध झिरपले, अन् झिरपा पोटात साचला. त्यात बिब्याच्या जखमेतून जहर रक्तात गेलं, तशी पोटातल्या साऱ्या पाटाईची दारं एकदम फुटली. मोट तीच, बैल तेच, पण पाणी सारं मधातच पसरलं, शेवटच्या वाफ्याले पोचलंच नाही. मी विचारलं, शेवटचा वाफा कोणता? म्हणे डोकं, अन् मूत्रपिंड. म्हणून तुमी बरळत होते, म्हणून लघवी बंद होती, म्हणून नाडी सुताएवढी अन् हातपाय गार. आणखी एक दिवस घरी राह्यले असते तं बैल बसले असते. बैल म्हणजे काय ते त्याईनं सांगतलं नाही अन् मी विचारलं नाही.

तो एक दिवस तुमी वाचवला. तुमचे नवे बैल घ्याचे राह्यले, पेरणीले दुसऱ्याची जोडी मांगावी लागली, हे मले मनकर्णाकडून समजलं. तुमी तोंडातून काढलं नाही. मी शिव्या दिल्या, चावलो, तरी पंधरा दिवस दवाखान्याच्या ओट्यावर भाकरी थापून तुमी बहिणीले खाऊ घातलं. तुमच्या पायावर डोकं ठेवावं असं मनातून वाटते. मेहुण्याच्या पाया पडाची आपल्यात रीत नाही, तं रीत गेली खड्ड्यात.

आता तब्येत ठीक. रोज संध्याकाळी बेंबीवरून सुतळी धरून पोट मोजतो, डॉक्टरानं गाठ मारून दिली आहे. दारू सुटली. मीठ बंद. अळणी पिठलं म्हणजे काय ते ज्यानं खाल्लं त्यालेच ठाऊक, भिंत चाटावी तशी चव. पण तुमची बहीण कशी आहे पाहा. मले एकट्याले वाईट वाटू नये म्हणून तीही जेठापासून अळणीच खाते. मी नाही म्हणलं तं म्हणे, दोन चुली कोण पेटवते.

मोठ्याईले दंडवत, लेकराईले आशीर्वाद, अन् तुमच्या अंगठ्याले वेगळा नमस्कार.

तुमचा अजून जिता असलेला भाऊजी,
शालिकराम

ता. क. वांग्याची पाटी मोटरवाल्यासंगं धाडली आहे. वरची चांगली आहेत, खालची पाहून घेजा. हात सवयीनं तसंच भरते.

ता. क. दुसरा. मनकर्णा गोठ्यात गेली म्हणून हे लिहितो, तिले वाचता येत नाही पण माह्यं तोंड वाचता येते. पोळ्याच्या दिवशी शेजारी पापड तळले होते, मी चार खाल्ले. मंग लोणच्याची बरणी कुठं ठेवली ते सापडलं, मंग रोजच सापडाले लागलं. परवा सुतळी गाठीच्या दोन बोटं म्होरं गेली, काल तीन. डॉक्टरानं सांगतलं होतं, गाठ हुकली तं त्याच हप्त्यात या. ती बिचारी तीन महिने माह्यापायी अळणी गिळून राह्यली, तिले कोण्या तोंडानं सांगू? म्हणून तिले सांगतलं का जगदेवभाऊची दाढ लय ठणकून राह्यली, वाशीमले काढाची आहे, त्याले सोबत पाह्यजे म्हणून मी जाईन. तवा सोमवारी बंडी घेऊन येजा, अन् येतानी गालाले फडकं बांधून येजा. मी डावा गाल सांगतला आहे.