नोव्हेंबरातली ट्यूलिप

१२ सप्टेंबर, शुक्रवार

नेदरलँड्सला जायचं ठरलं! नोव्हेंबरात, लेकीकडे, गार्गीकडे, एकटीनं. आमच्या ह्यांचे, अण्णांचे, गुडघे विमानात बसू देणार नाहीत. खरं तर ट्रॉम्बेची नोकरी संपल्यापासून त्यांना मुलुंडबाहेरच पडायचं नसतं.

डॉक्टरांनी गार्गीला नोव्हेंबरअखेरची तारीख दिली आहे. हे फक्त इथे लिहितेय. मागे दोनदा हौसेनं बिल्डिंगभर सांगत सुटले, आणि दोनदा परत घरोघरी सांगावं लागलं — राहिलं नाही म्हणून. आता बाळ हातात येईपर्यंत तोंडाला कुलूप. एक झबलंसुद्धा घ्यायचं नाही. नजर-बिजर मी मानत नाही, पण उगाच कशाला!

१३ सप्टेंबर

शेजारच्या सुगंधानं जिन्यात गाठलंच. "कुंदा, युरोपला चाललीस म्हणे? काय खास?"

"ट्यूलिपची शेतं बघायला." सुचलं ते ठोकून दिलं.

ती गालातल्या गालात हसली. मग म्हणाली, "झकास! मस्त बघून ये." सुटले बाई.

२० सप्टेंबर, शनिवार

व्हिसाचा फोटो. हसायचं नाही, कान दिसायला हवेत, मागे पांढरं. "काकू, जरा सीरियस," फोटोवाला सारखा म्हणे आणि मला अजूनच हसू! शेवटी आला तो फोटो बघून अण्णा म्हणाले, "या बाईला मी तरी देशात घेणार नाही."

परतीचं तिकीट, विमा, बँकेचे कागद झाले. पासपोर्टात कोरी पानं लागतात — माझा तर अख्खाच कोरा.

सुगंधा टिप्स द्यायला आली. मुलाकडे दोनदा जाऊन आल्यापासून ती युरोपची मालकीण आहे. "लोकरी मोजे घे. तिकडे सायकलवाल्यांच्या वाटेत उभी राहू नकोस. आणि तुपाचे लाडू नेऊ नकोस, दुधातुपाचं विमानतळावर काढून घेतात म्हणे. डिंक कोरडाच ने, तूप तिकडे घे."

मी सगळं ऐकून घेतलं. बोलू लागली की थांबत नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार

वाट लागली होती आज!

व्हिसा सेंटरच्या काउंटरवर गोड मुलगी होती, श्रुतिका. कागद चाळता चाळता म्हणाली, "काकू, फॉर्मवर पर्यटन लिहिलंय. काय बघणार?"

"ट्यूलिप."

"नोव्हेंबरात? ट्यूलिप एप्रिलमध्ये फुलतात, काकू."

मला घाम फुटला. सुगंधाला काही हे माहीत नसणार, पण मी तरी बघायचं होतं! श्रुतिका पुढे म्हणाली, "आणि मुलीच्या पत्रात तर वेगळंच कारण आहे. दोन्ही जुळलं नाही तर तिकडून नकार येऊ शकतो. खरं काय ते आत्ताच दुरुस्त करू या ना."

आजूबाजूला माणसं. शेवटी म्हटलं, "माझ्या मुलीला बाळ होणार आहे." पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले! आणि तिथेच डोळे भरून आले. श्रुतिकानं नवा फॉर्म पुढे केला, पाणी दिलं. "अभिनंदन" नाही म्हणाली. फार बरं वाटलं.

७ ऑक्टोबर

बोलून बसले. आता धाकधूक. गार्गीला दोनदा फोन केला. "आई, मी मजेत आहे गं, लाथा मारतंय!" तिला काही बोलले नाही. देवापुढे दिवा लावला.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

व्हिसा आला!! अण्णांनी पासपोर्ट उलटासुलटा करून पाहिला आणि न सांगता खाली जाऊन जिलबी घेऊन आले. बिल्डिंगमध्ये वाटली — ट्यूलिपच्या नावानं. सगळ्यांनी निमूट खाल्ली. एरवी शंभर प्रश्न विचारणारी माणसं!

आज मन भरून आलंय. पोचेन मी वेळेवर.

१ नोव्हेंबर, शनिवार

संध्याकाळी निघायचं. आत्ता सुगंधा येऊन गेली. हातात जुन्या सुती साड्यांची इवलीशी गोधडी. तिची निळी ओळखली, समोरच्या शकूची हिरवी, वरच्या राधाची ठिपक्यांची. अख्ख्या जिन्यानं तुकडे दिले होते.

सुगंधा गोधडी माझ्या बॅगेत ठेवत म्हणाली, "नोव्हेंबरात थंडी असते गं. ट्यूलिपला पांघरायला होईल."