रोप क्र. १७ आणि १८

९ जुलै
नव्या घरांच्या लेआउटच्या मागची हद्द मोजली. १२० फूट. बोगनवेल, दोन वर्षांची चारफुटी रोपं, तीन-तीन फुटांवर. एकूण ४०. प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी दोन घमेली रेती. इथली माती धानाची, पाणी धरून ठेवते, आणि बोगनवेलीची मुळं पाण्यात कुजतात. आराखड्याच्या कागदावर शेवटी लिहिलं : 'वर्षभरात जनावरही शिरणार नाही.' आमच्या नर्सरीचे मालक खूश. मलाही बरं वाटलं.

११ जुलै
खड्ड्यांच्या खुणा करताना लेआउटच्या समितीचे अध्यक्ष आले. तोंडात खर्रा. मधून पायवाट जाते, तिथे फाटक ठेवायचं का, विचारलं.
"फाटक कायले म्याडम? वाट बंद करासाठीच तं लावून राहिलो. मागच्या वस्तीतले सारे इथूनच रोडवर जातात. तार लावली तं बोंब होते. फुलं लावली तं कोणी काही म्हणत नाही."
हसले. खुणेच्या चुन्यावर थुंकले.
मागची वस्ती कोणाची, हे त्यांनी सांगितलं नाही. गावी, कोंढ्यात, आमचं घरही तशाच वस्तीत आहे. माझं आडनाव विचारायचं त्यांच्याकडून राहून गेलं असावं. मीही सांगितलं नाही.

१४ जुलै
सोळा रोपं लावून झाली. सोबत शेवंताबाई. नर्सरीत पिशव्या भरतात, त्याच वस्तीत राहतात, रोज याच वाटेने कामावर येतात. हे मला आधीपासून माहीत होतं.
काटा हातमोजा फोडून तर्जनीत गेला. सुईने काढताना त्या म्हणाल्या, "काटे मात्र मस्त निवडले जी म्याडम. आता आमी नाल्यावरून फिरून येऊ. उशीर झाला तं बोलू नका."
रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

१५ जुलै
क्र. १७ आणि १८ बरोबर पायवाटेवर. माती तुडवून दगड झालेली. शेवंताबाईंना रोपं आणायला पाठवलं आणि या दोन खड्ड्यांत रेती टाकली नाही. भोवतीचं आळं उंच केलं, पाणी अडवणाऱ्या धानाच्या बांधीसारखं. बाकी सगळं कागदाप्रमाणे.

२१ जुलै
चार दिवस पाऊस. बोट पिकलं. दाबलं की पिवळा पू, वास.
अध्यक्षांचा फोन. "गणपतीपर्यंत गुलाबी फुलं येतील ना?" "येतील, सर." हा 'सर' त्या पुवापेक्षा वाईट.

३ ऑगस्ट
१७, १८ गेली. साल खरवडली, आत तपकिरी. मूळ बोटांत चुरगळलं. काळा चिखल, नालीचा वास, दोनदा हात धुऊनही जात नाही. ही रोपं कलमापासून मीच वाढवली होती. त्यांचा काय दोष?
उपटून टाकली. मोकळी जागा नऊ फूट. संध्याकाळी वस्तीतल्या दोन मुली सायकली घेऊन आरामात गेल्या.

५ ऑगस्ट
अध्यक्ष : "हे दोनच काहून मेले?"
"मुळकूज. पाणी साचलं."
एकही शब्द खोटा नाही. त्याचीच जास्त शिसारी येते. सरळ 'नाही लावणार' म्हणता आलं नाही, म्हणून झाडं मारली.
"मंग दुसरे लावा. शिकलेल्या लोकायनं असं केलं तं कसं?"
मालकांनी लगेच दोन रोपं काढून ठेवली.

७ ऑगस्ट
सकाळी दोन्ही रोपं घेऊन आम्ही दोघी गेलो. पलीकडे खुर्च्या टाकून मालक आणि अध्यक्ष, चहा. शेवंताबाईंनी जुना खड्डा उकरला, आतली माती हातात दाबून पाहिली, बराच वेळ. मग रेतीचं घमेलं काठावर आणून ठेवलं आणि वर न पाहता म्हणाल्या,
"टाकू का जी? का मागच्या खेपेसारखंच?"
म्हटलं, जेवण झाल्यावर सांगते.
डबा उघडून हे लिहिते आहे. त्या झाडाखाली बसून भाकर खात आहेत. माझ्याकडे पाहत नाहीत. घमेलं काठावरच आहे.