वाळूत रोवलेली काठी

उचगाव,
जून १९७९

प्रिय निसार,

तुझं कार्ड मिळालं. नोकरी सोडून कायमचा घरी येतोयस, हे वाचून अम्मानं डोळ्याला पदर लावला आणि माझं डोकं फिरलं. इद्दतीत बसलेय, उंबरा ओलांडायचा नाही, म्हणून गप्प आहे. नाहीतर तिथं आंध्रात येऊन तुझे कान उपटले असते. मोठी बहीण आहे मी तुझी. नवरा गेला म्हणून तो हक्क जात नाही.

इथलं काय सांगू? अम्मा माझ्या सोबतीला येऊन राहिलीय. दारात कुणाची सायकल थांबली की लेकच आला असं वाटून सासरे अजून दिलदार म्हणून हाक मारतात. मग आठवतं, मग ताटावरून उठतात. घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही. आमच्या घरात, निसार! जिथं मीठ मागितलं तरी सगळ्या गल्लीला ऐकू जायचं.

परवा हातकणंगल्याचा केरबा गवंडी येऊन गेला. तुझ्या दाजींबरोबर तूच त्यालाही गवंडीकामाला नेलेलास, तुझ्या देखरेखीखालच्या समुद्रकाठच्या वादळाच्या निवाऱ्यावर. पडद्याआडून सगळं ऐकलं. तू कार्डात नुसतं 'माझ्यामुळं झालं' लिहून मोकळा झालास. त्यानं नीट सांगितलं. रेडिओवर खबर आली, तू घंटा बडवलीस, कोळ्यांची बायकापोरं धडाधड निवाऱ्यावर चढली. गेलं वर्षभर तू त्यांच्याकडून सराव करून घेतलास ना, घंटा झाली की हातातलं टाकून पळायचं. आणि आमचे शहाणे मालक वाळूत काठी रोवून बसले! तू दोनदा बोलवायला गेलास म्हणे. तर पाणी काठीला तर लागू दे की, म्हणाले, पूर काय पहिल्यांदा बघतोय व्हय.

त्यांचं तरी काय चुकलं? आपल्याकडं पूर तसाच येतो. पाण्याच्या कडेला काठी रोवायची, तंबाखू मळत बसायचं, काठी बुडाली की थोडं मागं सरून दुसरी रोवायची. तेवढ्यात धान्य हलतं, जनावरं हलतात, कुणाचा चहासुद्धा होतो. पंचगंगा सांगून घरात शिरते. समुद्र तसा नाही, हे त्यांना कुणी दाखवलं? भिंतीएवढं पाणी एकदम आलं, काठी बुडालेली दिसलीसुद्धा नाही, एवढं सांगितलं केरबानं.

मग मीच विचारलं, सरावात गवंडी पळायचे का? निसारसाहेबांनी आम्हाला कधी घेतलंच नाही म्हणाला, आम्ही काय, घरचीच माणसं. घरचीच! सगळ्या परक्या गावाला तू जिना चढायला शिकवलंस आणि माझ्या नवऱ्याला शिकवायचं राहिलं. मला राग आहे, निसार. भरपूर आहे. सासऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून पदर तोंडात कोंबून रडते मी.

पण तू घरी येऊन बसलास तर काय होणार? पुढच्या निवाऱ्यासाठी उचगावातून गवंड्यांची नवी टोळी निघतेय. धोंडुबाईचा जावई आहे, बायडाबाईचे दोघं आहेत. सगळे पंचगंगेच्या काठचे, सगळे काठी रोवणारे. तुझ्या जागी कुठला तरी साहेब येईल, त्याला आपल्या माणसांची ही खोड काय कळणार? तुला कळलीय, आणि काय देऊन कळलीय ते आपल्यालाच ठाऊक. म्हणून हे पत्र लिहायला बसले. घरी येऊ नकोस. टोळी उतरली की हातात थापी द्यायच्या आधी त्यांना जिना चढायला लाव, शिव्या घालून लाव. आणि कार्डात माफी मागितलीस ना, ती आज माझ्याकडं नाही. पुढचं वादळ होऊन जाऊ दे, ती माणसं आपापल्या बायकांकडं परत येऊ देत. मग माग.

तुझीच,
रोशन आपा