भालाईत पुढे घालण्याची अट

मी, या घरातली धाकटी जाऊ, निवृत्त भूगोल शिक्षिका, हे राजीखुशीने लिहून ठेवते. माझ्या हृदयाचा भरवसा उरलेला नाही, पण डोके ठिकाणावर आहे, असे डॉक्टरीणबाई म्हणतात. समोर राहणाऱ्या चष्मेवाल्यांचे मत वेगळे आहे.

१. घरातला माझा हिस्सा आणि बँकेतली शिल्लक थोरल्या जाऊबाईंना. पुतण्याने तोंड वाकडे करू नये. पुढे सगळे त्यालाच मिळायचे आहे.

२. जेवणाच्या टेबलावर मांडून फाशांनी लढायचे माझे सैन्य. सैनिक बोटाच्या पेराएवढे. विकत मी घेतले, रंगवले जाऊबाईंनी. त्यांनी जन्मभर कवळ्या बनवल्या. "अगं, दातसुद्धा नुसता पांढरा नसतो," म्हणाल्या, आणि तांदळाएवढ्या चेहऱ्यावर त्यांनी थकवा रंगवला. डोळे आधी, कपडे मागून. "आपल्या अंगावर काय चढवतायत ते दिसू दे त्याला." असा हात मी दुसरा पाहिला नाही. तोंडावर कौतुक केले की त्या विषय भाजीवर नेतात, म्हणून इथे कायद्याच्या कागदावर नोंदवते.

३. समोरच्या चष्मेवाल्यांना काहीही मिळणार नाही. दर रविवारी ते माझ्याशी लढले आणि जिंकले, कारण जाऊबाईंचे भालाईत मी कधी पुढे घातले नाहीत. घातले की भाल्याचे टोक घासते, नाकाचा रंग उडतो. हे ओळखून हा गृहस्थ नेमका तिथेच चाल करून येई आणि मी माघार घेई. वर विचारणार, "बाई, ही लढाई आहे की प्रदर्शन?" त्यांचे स्वतःचे सैन्य रंगाच्या एकाच डब्यात बुचकळून काढल्यासारखे दिसते.

४. सैन्य जाऊबाईंचे. पण गेल्या आठवड्यात शेवटचा सैनिक पुरा करून त्यांनी ब्रश धुतले आणि फडक्यात बांधून ठेवले. म्हणाल्या, "तू खेळतेस म्हणून रंगवत होते. तुझ्यामागे कुणासाठी?" मला मरणाची भीती नाही, त्या फडक्याच्या गाठीची आहे.

म्हणून अट अशी: सैन्य शोभेला ठेवायचे नाही, विकायचे नाही. जाऊबाईंनी दर रविवारी चष्मेवाल्यांशी खेळावे, भालाईत सर्वांत पुढे घालून. पडतील, घासतील, घासू द्यावेत. नाक उडालेला सैनिक तसाच डब्यात भरणे त्यांना जमणार नाही. मी त्यांना ओळखते.

स्थळ: जेवणाचे टेबल, पसारा बाजूला सारून
दिनांक: आजचा, रविवार
सही: धाकटी

साक्षीदार:
डॉक्टरीणबाई
चष्मेवाले (भालाईतांची गय करणार नाही, असे कबूल करून)