मेहुण्याची बंदूक

रविवार, ९ मार्च

आजपासून देलिओबद्दल वाईट विचार करायचा नाही. तो लुचिल्लाचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मेहुणा. जन्मभर या खोऱ्यात बस चालवली, आता रिटायर झालाय, वेळ जात नाही. ठीक. पण वेळ जात नाही म्हणून माणूस टोमॅटो लावतो. हा नेपोलियनच्या शिपायांची ठासणीची बंदूक बनवतोय. जूनमध्ये चर्चच्या हॉलमध्ये हाताने बनवलेल्या जुन्या बंदुकांच्या नकलांची स्पर्धा आहे, तिच्यात उतरणार म्हणे.

आणि कुठे, तर गार्दोनेत, बंदुकांच्याच गावात. जिथल्या कारखान्यात अशाच नकला पास-नापास करण्यात माझी हयात गेली. जगभर हौशी लोक सुट्टीच्या दिवशी जुन्या लढाया खेळतात. त्यांच्या खांद्यावरची निम्मी हत्यारं माझ्या डोळ्यांखालून गेलीत.

स्पर्धेत मीही आहे. माझी बंदूक तळघरात जवळजवळ तयार आहे.

जेवताना लुचिल्ला म्हणाली, देलिओच्या हातात कलाच आहे, लहानपणी चाकूने कोंबड्या कोरायचा. मी दुसऱ्यांदा मक्याचा पोलेंता घेतला नाही. तिच्या लक्षात आलं नाही.

सोमवार, १० मार्च

विचार केला. वाकडं वागायची गरजच नाही. अनुभवी माणसाने प्रामाणिक मत दिलं की नवखा आपोआप गळतो. दर रविवारी एक मत द्यायचं. तीन आठवडे पुरेत.

रविवार, १६ मार्च

गेलो. बंदूक गॅरेजमध्ये शिकंज्यात अडकवलेली. कळीची, म्हणजे घोडा-चापाच्या यंत्राची, लोखंडी पट्टी लाकडी दस्त्यात बसवली होती, तिथल्या फटीत व्हिजिटिंग कार्ड घालून बघितलं. अख्खं आत गेलं. म्हटलं, "देलिओ, इथून पाणी शिरणार, लाकूड कुजणार. आमच्याकडे हा माल सरळ रिजेक्ट."

त्याचा चेहरा पडला. मला वाईट वाटलं. येताना बारमध्ये एक ग्लास पिर्लो घेतला, मग नाही वाटलं.

रविवार, २३ मार्च

कार्ड जात नाही. सिगारेटचा कागदसुद्धा जात नाही. म्हणाला, "भावोजी, जुना दस्ता फेकला. अक्रोडाचं नवं लाकूड आणलं. पट्टीला मेणबत्तीची काजळी लावायची, दाबायची, काळं उमटेल तेवढंच तासायचं. आठवडाभर तेच केलं. तुम्ही बोललात म्हणून कळलं."

मी मोठ्या मनाने मान हलवली. मग म्हटलं, दस्ता फार जाड आहे, हे वल्हं झालंय. मूळ बंदूक सडपातळ असते. लाकूड तासणं म्हणजे परतीचा रस्ता नाही. बहुतेक लोक इथेच वाट लावतात.

रविवार, ३० मार्च

वाट लागली नाही.

लुचिल्ला सोबत आली होती. दस्त्यावरून हात फिरवत म्हणाली, किती नाजूक झालाय रे. माझ्या तळघरात ती कधी उतरत नाही. पायऱ्या ओल्या आहेत म्हणते. आहेत ओल्या, पण मी उतरतोच ना.

आज व्हार्निश काढलं मी. म्हणजे विषय काढला. "हे पियानोसारखं चमकतंय. जुन्या शिपायांच्या बंदुकीला जवसाचं तेल असायचं. हाताने चोळायचं, वाळू द्यायचं, परत चोळायचं. दोन महिने." बस चालवणारा माणूस, स्टॉप आला की उठायची सवय. दोन महिने कुठला चोळतोय.

रविवार, ६ एप्रिल

चोळतोय.

या आठवड्यात माझ्या बंदुकीचा घोडा बसवायचा होता. सर्दी झाली.

रविवार, २० एप्रिल, ईस्टर

सगळं कुटुंब देलिओकडे. करडूचं मटण झाल्यावर बंदूक टेबलाभोवती तान्ह्या बाळासारखी फिरली. हा बोलता बोलता तळव्याने तेल चोळत बसलेला. त्याच्या मावशीने मला विचारलं, "ऑत्ताविओ, तूही काहीतरी बनवत होतास ना?"

होतास, म्हणाली. मी म्हटलं, बनवतोय. ती म्हणाली, हो का, आणि केक मागितला.

मावशीला ऐकू कमी येतं. पण काळ बरोबर कळतो.

रविवार, ११ मे

शेवटी सापडलं. देलिओच्या बंदुकीचा घोडा अर्ध्यावर चढवला आणि त्या घोड्याला धरूनच अख्खी बंदूक उचलली. ही परीक्षा भल्याभल्यांना जड जाते. घोडा सुटला. खाली पडण्याआधी मीच झेलली, आणि चेहरा गंभीर ठेवला.

हे दुरुस्त करणं घरच्या माणसाचं काम नाही, हे त्याला नीट पटावं म्हणून सगळं समजावलं. आतली खाच कुठे झिजते, कानस कुठल्या कोनात धरायची, पोलादाला पाणी कसं द्यायचं. आकृती काढून दिली. संध्याकाळ झाली. तो वही घेऊन शाळेतल्या मुलासारखा बसला होता. निघताना म्हणाला, "भावोजी, विचारायला गेलो तर कारखान्यातल्या लोकांनी मला हाकलून दिलं होतं. तुम्ही एवढा वेळ देता."

आता सोडणार तो. अंदाज आहे.

शनिवार, ७ जून

सोडलं नाही.

माझ्या बंदुकीचा घोडा आज बसवला. तेलाला वेळ नाही, व्हार्निश मारलं. डब्यावर लिहिलंय, सकाळपर्यंत वाळतं. अनुभवी माणूस शेवटच्या दिवशीच उत्तम काम करतो. देलिओला हे कळायला वेळ लागेल.

रविवार, ८ जून

परीक्षक आर्केत्ती, ब्रेशियाहून आलेले, हातात पांढरे हातमोजे. नावं झाकलेली, नुसते नंबर. देलिओच्या बंदुकीपाशी फार वेळ थांबले. घोड्याला धरून उचलली, धरून ठेवली, हसले. चाप ओढला तर चकमकीतून हॉलभर दिसेल एवढी ठिणगी.

मग सात नंबर. कार्ड आत गेलं. त्यांनी ते बाहेर काढून शांतपणे खिशात टाकलं. घोड्याला धरलं, घोडा सुटला. हातमोज्याला व्हार्निश चिकटलं. त्यांनी विचारलं, सात नंबर कोणाचा? मी पाणी प्यायला बाहेर गेलो.

परत आलो तर पहिलं बक्षीस देलिओला. आर्केत्ती माइकवर म्हणत होते, या हातामागे दुसऱ्या कुणाचा तरी डोळा आहे, एकट्या नवख्याला हे जमत नाही. देलिओने मला हाताला धरून स्टेजवर ओढलं. "हे माझे भावोजी. दर रविवारी आले. मी केलेली एकही चूक यांनी सोडली नाही."

टाळ्या. लुचिल्ला रडली. लग्नानंतर माझ्याकडे बघून पहिल्यांदा, निदान आनंदाने. फोटोत बंदूक त्याच्या हातात, माझा हात त्याच्या खांद्यावर. तो मी ठेवला नव्हता, त्याने धरून ठेवला होता.

घरी येताना लुचिल्ला म्हणाली, "माझा समज होता की तू त्याच्यावर जळतोस." मी म्हटलं, काहीतरीच काय.

रविवार, १५ जून

सात नंबर घोंगडीत गुंडाळून देलिओकडे नेला. खरं काय ते सांगितलं. माझी आहे म्हटलं. मी तुझी तपासली, आता तू माझी तपास, भीड ठेवू नकोस. वही घे हवी तर.

त्याने नळीच्या तोंडापासून दस्त्याच्या टोकापर्यंत बघितली. उलटी केली. उजेडात नेली. पट्टीपाशी त्याची नजर अडकली, ती मी बघितली. घोड्यापाशी पुन्हा अडकली. अंगठा व्हार्निशवर टेकवला आणि हळूच उचलला. मी वाट बघत उभा.

बंदूक त्याने घोंगडीवर अलगद ठेवली. म्हणाला, "छान आहे, भावोजी."

म्हटलं, काहीतरी असेलच ना.

"नाही नाही. छान झालीय."

मग त्याने हात पुसले आणि विचारलं, कॉफीत साखर किती.