लाल रेघ आणि पुढची फळी

ती. ताईस,

धाकट्या भावाचा, कंबर परवानगी देईल तितकं वाकून, नमस्कार. पत्रास कारण असं विशेष काही नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तू शेवटपर्यंत शांतपणे वाचशील.

तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला गेला का? त्यांच्या चष्म्याच्या दुकानात गर्दी असणारच. लोकांना दिवसेंदिवस कमी दिसू लागलंय, हे तुमच्या धंद्याच्या दृष्टीने बरंच आहे. तुझी चिमणी इथे मजेत आहे. सुट्टीत तिला पाठवलीस हे फार छान केलंस. आल्या दिवशीच तिने स्वयंपाकघरातला गेलेला दिवा स्टुलावर न चढता बदलला. तेव्हा तुझी भावजय तिच्याकडे ज्या कौतुकाने बघत होती, तसं तिने लग्नाच्या दिवशीही माझ्याकडे पाहिलं नव्हतं. (पाळण्यात एवढीशी होती म्हणून आपण तिला चिमणी म्हणू लागलो. आता हाक मारली की लोक आधी तिच्याकडे आणि मग आपल्याकडे बघतात.) एक मात्र आहे. पोरगी अजून वाकून चालते. प्रत्येक दारातून मान खाली घालून जाते, दार कितीही उंच असलं तरी. असो.

मागच्या वेळी फोनवर तू विचारलंस, ‘संघ काय म्हणतो?’ मी ‘ठीक’ म्हणालो. ताई, ठीक नाही. तुला बास्केटबॉलमधलं कळत नाही (दाजींना कळतं, असं दाजींना वाटतं), म्हणून थोडक्यात सांगतो. बास्केटखाली ज्या उंच, दांडग्या मुली उभ्या राहतात आणि रिंगवरून उडालेला बॉल हिसकावून घेतात, ती पुढची फळी. बाकीच्या मुली पळतात, पास देतात, घाम गाळतात. पण पुढची फळी नसेल तर ते सगळं पाण्यात. आमच्या कॉलेजच्या फळीत तिघी होत्या. त्यांतली ‘खांब’ पदवी घेऊन गेली. ‘भिंत’ नोकरीला लागली. (दोघींचे निरोप समारंभ मीच केले, आणि दोन्ही वेळा सगळ्यांत जास्त मीच रडलो. लोकांना वाटलं, सर किती हळवे आहेत.) उरली ती ‘सॉरी’. अंगापिंडाने भरभक्कम, जागेवरून हलवायला दोघी लागतील. पण धक्का लागला की थांबून समोरच्या मुलीला सॉरी म्हणते. मागच्या हंगामात शेवटच्या सामन्यात तिने अप्रतिम उडी मारून बॉल पकडला, समोरची खाली पडली, तर हिने तिला हात देऊन उठवलं आणि हातातला बॉलही देऊन टाकला. तिने तो घालून आम्हाला हरवलं. वर ही तिच्या पाठीवर थाप मारून आली.

त्यानंतर प्राचार्यबाईंनी मला बोलावून घेतलं. त्या ओरडत नाहीत, चहा देतात. चहा आला तेव्हाच मी समजलो. पुढच्या हंगामात उपांत्य फेरी गाठली नाही तर संघ बंद आणि कोर्ट शिक्षकांच्या गाड्यांना. रसायनशास्त्राचे सर तेव्हापासून रोज संध्याकाळी येऊन फ्री-थ्रोच्या रेघेवर स्कूटर लावून बघतात. ‘नाही हो, सहज,’ म्हणतात. ‘सावली कुठवर येते ते पाहतोय.’

आता माझ्या आशावादाची गोष्ट ऐक. आमच्या व्यायामशाळेचं दार मुळात ठेंगणं आहे. त्याच्या चौकटीवर मी नोकरीला लागलो त्या वर्षी एक लाल रेघ मारली होती. प्रवेश घ्यायला येणाऱ्या मुली ओळखपत्राच्या फोटोसाठी त्या दारातून जातात. जिचं डोकं रेघेला टेकेल तिला मी बाजूला घेतो आणि गोड बोलतो. एरवी वर्षाकाठी एखादी सापडली तर नशीब. यंदा मात्र एकीमागून एक टेकू लागल्या! मला तर घेरी यायची बाकी होती. मी धावत प्राचार्यबाईंकडे गेलो आणि सांगितलं, बाई, आमची पुढची फळी यंदा अशी असेल की समोरच्यांना बास्केट दिसणारच नाही. (हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की त्यांनी ते रंगवून फाटकावर लावलं. माझ्या नावासकट.) रसायनशास्त्राच्या सरांना मी त्या दिवशी मुद्दाम पेढा दिला.

पहिल्या सरावाला मुली कोर्टावर उभ्या राहिल्या आणि मला कळेना, बास्केट इतकं लांब कसं गेलं? शिपायाला झाडलं, की बोर्ड कुणी वर सरकवला? त्याने बिचाऱ्याने मला टेप आणून दिली. बास्केट जागच्या जागी होतं. मग हताश होऊन मी दारात टेकून उभा राहिलो, तर माझंच डोकं लाल रेघेला टेकलं. ताई, मी आयुष्यभर त्या रेघेच्या चार बोटं खालीच राहिलो आहे. क्षणभर वाटलं, या वयात उंची वाढली! (घरी तसं बोललोही. तुझी भावजय म्हणाली, ‘केस कापून या.’) दुसऱ्या दिवशी उजेडात खाली पाहिलं. सुट्टीत दारात जुन्या फरशीवरच नवी फरशी बसवली होती. दार खालून तासून घेतलं होतं. चौकट तशीच, रेघ तशीच. जमीन तेवढी वर आली होती.

आता माझ्याकडे सुस्वभावी, मध्यम उंचीच्या, गोड बोलून आणलेल्या मुलींचा मोठा घोळका आहे. त्यांना परत कसं पाठवू? त्या रोज मनापासून उड्या मारतात. त्यांच्या बोटांत आणि रिंगमध्ये जी हवा राहते तिच्याकडे बघत मी शिट्टी वाजवतो. फाटकावर पाटी आहेच. सर रोज स्कूटर लावतात आणि आता ‘सहज’सुद्धा म्हणत नाहीत. अशी सगळी बोंब आहे. माझी काळजी करू नकोस. दाजींना नमस्कार.

तुझा,
भाऊ

ता. क. चिमणीला रविवारच्या गाडीत बसवून दे, असं तू लिहिलं होतंस. ते मी वाचलं आहे.

ता. क. २. दाजींच्या दुकानासाठी ॲल्युमिनियमची एक घडीची शिडी पार्सलने पाठवली आहे. वरच्या फळीवरच्या फ्रेमा काढायला चिमणीच लागते, म्हणून तिला तिथल्याच कॉलेजात घालायचं ठरतंय, असं ऐकतो. शिडी दणकट आहे. परत पाठवू नकोस.

ता. क. ३. तिला खेळता येत नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. काल ती माझा डबा घेऊन आली होती, मुलींनी तिला बास्केटखाली उभं केलं. पहिला पास थेट नाकावर. पण मग तिने नुसते हात वर केले, आणि पलीकडच्या मुलींना बॉल टाकायला जागाच मिळेना. सगळ्या ओरडत होत्या, ‘वर, अजून वर!’ तिला आजवर सगळे खाली हो म्हणत आले. ती आधी गोंधळली, मग झाली सरळ. सॉरीचा धक्का लागून एक मुलगी पडली तेव्हा चिमणीच तिच्यावर ओरडली, ‘सॉरी नंतर म्हण गं, आधी बॉल इकडे दे!’ आणि सॉरीने दिला, ताई. आपल्याच संघाला दिला. आज सकाळी ती मला विचारत होती, ‘मामा, आई ऐकेल का?’ मी म्हटलं, बघू.

ता. क. ४. सोबत पाठवलेल्या फोटोत तिच्या कपाळावर टेंगूळ दिसेल, घाबरू नकोस, बर्फ लावला आहे. पाणी पिऊन परत कोर्टावर धावत जाताना त्या दाराच्या चौकटीला आपटली. वाकायचं विसरली.