फळी एकच होती

मी, खाली सही करणारा, वय बहात्तर, धंदा रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर दुरुस्ती, लोकांत ‘कानसेन’ म्हणून ओळखला जाणारा, लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे, कान शाबूत आहेत आणि कोणी दटावून हे लिहून घेतलेलं नाही. मला दटावणारं एकच माणूस होतं, माझी थोरली बहीण. तिला मीच घरातून घालवलं. याआधीचे माझे असले सगळे कागद रद्द समजावेत.

१. दुकानातली हत्यारं, मीटर आणि सोल्डरिंगचा सरंजाम पुतणीला द्यावा. तिने माझे स्क्रू ड्रायव्हर डब्यांची झाकणं उघडायला वापरू नयेत.

२. सात फुटी सागवानी कपाट सुताराला द्यावं. ते मी स्वतः कागदावर काढून त्याच्याकडून करवून घेतलं होतं: मधोमध रेकॉर्ड प्लेअर, दोन्ही बाजूंना स्पीकर, तिन्हींखाली एकच अखंड फळी. सुतार तेव्हाच म्हणाला होता, “साहेब, तीन तुकडे करू. स्पीकरचा दणका फळीतून थेट सुईला लागेल.” मी म्हणालो, “तू लाकूड काप, आवाजाचं माझ्यावर सोड.” मला तारांतलं कळतं, लाकडातलं कळत नाही. एवढं तेव्हा कबूल केलं असतं तर पुढचं कलम लिहावं लागलं नसतं.

३. घर वडिलांनी माझ्या एकट्याच्या नावावर केलं. त्यातली पुढची, उजेडाची खोली माझ्या पश्चात ताईला द्यावी. बाकीचं घर पुतणीचं.

कारण असं. ताई त्या खोलीत शिवणकाम करायची. तिच्या शिवणावर मी शिकलो, माझं पहिलं मीटरही तिनेच घेऊन दिलं. कपाट मी शेजारच्या खोलीत, तिच्या भिंतीला लावून ठेवलं. आवाज जरा वाढवला की घुंऽऽ असा घुमारा उठायचा आणि सुई घसरायची. मी ठरवून टाकलं, हे ताईच्या मशीनमुळे. ती चहाला उठली तरी घुमायचं, तर मी म्हणायचो, “भिंतीत मुरलंय.” नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! एका रविवारी सकाळी दहा माणसं ऐकायला बसली होती. त्यांच्यादेखत मी ओरडलो, “ताई, तो खटारा बंद कर! तुझ्यापायी माझी अब्रू जाते.” तिने अर्धी शिवलेली बाही तशीच सुईखाली सोडली. महिनाभरात मशीन हातगाडीवर घालून ती इस्त्रीच्या दुकानावर भाड्याच्या खोलीत गेली. त्या खोलीला खिडकी एकच, तीही जिन्यात उघडणारी. नातेवाइकांना मी सांगितलं, ताई हट्टी आहे, तिनेच घर सोडलं.

घुमारा काही गेला नाही. दोन वर्षं मी रस्त्यावरच्या ट्रकांना आणि वरच्यांच्या मिक्सरला शिव्या घातल्या. मग सुतार बिजागरी बदलायला आला. त्याने मला न विचारता दोन्ही स्पीकर उचलून दोन स्टुलांवर ठेवले, प्लेअरखाली जुन्या चपलेचे रबरी तुकडे सरकवले आणि म्हणाला, “आता वाढवा.” मी वाढवला. घुमारा नाही, सुई जागची हलली नाही. सुतार हसला असता तरी बरं झालं असतं. तो नुसती बिजागरी बसवून गेला.

याला नऊ वर्षं झाली. ताईची खोली चालत दहा मिनिटांवर आहे. त्याच दिवशी उठून जायला हवं होतं. मी सगळ्यांना सांगितलं, नवी सुई बसवली. ताईलाही तेच सांगितलं. चूक माणसाकडून होते, पण ही नऊ वर्षं मी जाणूनबुजून काढली, त्याची मला फार लाज वाटते. मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही, म्हणून मेल्यावर बोलायचं ठरवलं.

४. पुतणीने स्पीकर आणि प्लेअर पुन्हा एका फळीवर ठेवू नयेत. स्पीकर वेगळ्या स्टँडवर, प्लेअर भिंतीत ठोकलेल्या फळीवर, त्याखाली जड फरशी आणि फरशीखाली रबर. रबर फार मऊ नको, प्लेअर डुलतो. थांबलेल्या तबकडीवर सुई ठेवून फळीवर बोटाने टकटक करावं. स्पीकरमधून ठोका ऐकू आला तर अजून जमलेलं नाही. ही परीक्षा सुताराची आहे, माझी म्हणून कोणाला सांगू नये.

५. इथपर्यंत वाचून वकीलबाई म्हणाल्या, “काका, ताई तुमच्याहून सहा वर्षांनी मोठ्या. त्या आधी गेल्या तर हे कोणाला वाचून दाखवायचं?” म्हणून आज कागद घेऊन ताईकडे आलो.

ती म्हणाली, “वाच. हात मोकळे नाहीत, कान आहेत.” मी सगळं वाचलं.

“नऊ वर्षं?”

“नऊ.”

“आणि मी विचारायचे तेव्हा, नवी सुई?”

“हो.”

तिने हातातल्या फ्रॉकची शिवण टोकापर्यंत नेली. मग म्हणाली, “बाळ्या, तू मेल्यावर त्या खोलीत मी काय करू? सुईत दोरा तरी ओवता येईल का मला? गुरुवारी हातगाडी पाठव.”

माफ केलं असं ती म्हणाली नाही. मागाहून कोणी गोड करून सांगू नये म्हणून हे लिहून ठेवतो. कलम तीनमधले ‘माझ्या पश्चात’ हे शब्द खोडून ‘या गुरुवारपासून’ असे वाचावेत. त्याचा वेगळा कागद वकीलबाई करणार आहेत.

सही वेडीवाकडी आली आहे ती आजारपणामुळे नव्हे. या खोलीत टेबल एकच, मशीनचं. ताई शिवत होती, आणि मी तिला थांब म्हणालो नाही.

ठिकाण: ताईची खोली, इस्त्रीच्या दुकानाच्या वर
दिनांक: १९ नोव्हेंबर, मंगळवार, दुपारी साडेतीन

सही: बाळ्या, ऊर्फ कानसेन

साक्षीदार:
१. खालचे इस्त्रीवाले
२. मुलीचा फ्रॉक न्यायला आलेल्या शाळेतल्या बाई

सही आम्हा दोघांसमोर झाली. मशीन चालू होतं.